आकडा तरी दिसू द्या!

रामबागेत रात्री सगळे झोपले की मी निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र, घेऊन गच्चीवर बसतो. पाळीपाळीने लढायचा खेळ, एकेक चाल विचार करून. पण अक्षरं? मुंगीएवढी! माझ्या जुन्या स्विचचा पडदा ६.२ इंच, आणि टीव्हीसाठी मांडलेला मजकूर त्यात तसाच आक्रसून कोंबलेला. काल नेम लागायची शक्यता ८६ टक्के वाचली, होती ३६. इंग्रजी तीनचा आठ वाटला! बाण हुकला, पुढच्याच पाळीत माझी वैद्य मेली. मेलेलं माणूस ह्या खेळात परत येत नाही. वीस तास जपलं होतं तिला! सगळी लढाई आकड्यांवर, आणि आकडाच वाचता येऊ नये? आई म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नाही गं, शेवेच्या पाकिटावरचं बारीक छापलेलंही वाचतो मी! खेळ बनवणाऱ्यांनो, अक्षरं मोठी करायची सोय द्या, बास.