ऑइल दुधाळ झालं की हेड खोला? आधी खालचं ऑइल चेंबर काढा

जुन्या ट्रॅक्टरबद्दल एक सल्ला सध्या मोबाइलवर फिरतोय. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं म्हणजे हेड गॅस्केटच (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं. नवं गॅस्केट टाका, डिझेल भरून इंजिन दहा मिनिटं चालवून धुवा. हंगाम चालू असेल तर तोवर रेडिएटरमध्ये लीक बंद करणारी पावडर टाकून वेळ मारून न्या.

‘दुधाळ ऑइल म्हणजे रेडिएटरचं पाणी’

नेहमी नाही. फेस फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली असेल आणि पट्टीवरचं ऑइल नितळ असेल, तर ती बहुधा वाफ. थंडीत पाच-पाच मिनिटं चालवून बंद केलेल्या इंजिनात ती साठते, तासभर लोडवर चालवलं की निघून जाते. पावसाळ्यात उभ्या सायलेन्सरवर डबा उपडा घातला नसेल, तर पाणी उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून पिस्टनच्या रिंगांवाटे इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. अशा वेळी रेडिएटरची पातळी जागची हललेली नसते. सिलिंडरमध्ये पाणी नाही याची खात्री केल्याशिवाय स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइलची पातळी वाढलीय, पण ते पातळ आहे आणि डिझेलचा वास येतोय? मग फीड पंपाचा पडदा किंवा डिझेल पंपाचं सील बघा. शंका राहिली तर पत्र्याचा तुकडा तापवून त्यावर ऑइलचे दोन थेंब टाका, तोंड लांब ठेवून. तडतडलं तर पाणी. (घरातला तवा नको.)

‘पाणी आलं म्हणजे गॅस्केटच’

खरी फसगत इथे होते, कारण इंजिनाची बनावट कुणी विचारतच नाही. एचएमटी झेटर २५११ सारख्या इंजिनात लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) ओले असतात: पाणी थेट लायनरला बाहेरून लागतं आणि खाली फक्त रबरी रिंगा त्याला अडवतात. रबर कडक झालं, किंवा ब्लॉकमधली रिंगेची बैठक गंजून खड्डे पडले, की पाणी थेट चेंबरमध्ये. गॅस्केटचा संबंधच नाही. उलट काही जुन्या मॅसी ट्रॅक्टरांतल्या पर्किन्स ३.१५२ जातीच्या इंजिनात लायनर सुके, तिथे या रिंगा नसतातच. तिथे गॅस्केट, हेड किंवा ब्लॉकची चीर यांवर आधी संशय घ्यावा.

लक्षणंही वेगळी असतात. गॅस्केट सिलिंडरशी फुटलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. खालची रिंग गळाली तर बुडबुडे नाहीत, पांढरा धूर नाही, नुसतं पाणी कमी होतं. रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग असेल तर ऑइल कूलर (असल्यास) किंवा दाबाच्या ऑइलची वाट तपासा, कारण चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

म्हणून हेडला हात लावण्याआधी चेंबर उतरवा. एकदा हेड उचललं की वरचं पाणी सिलिंडरमध्ये सांडतं, दाब देता येत नाही, पुरावा संपला. क्रम असा: इंजिन पूर्ण थंड, ऑइल काढलेलं, ट्रॅक्टरला पक्का आधार (काही चेंबर ओतीव आणि जड असतात, खाली जॅक हवाच). रेडिएटर काठोकाठ भरा, ओव्हरफ्लोची नळी बंद करा, तोंडाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला रबरी बूच लावा आणि गेज असलेल्या हातपंपाने झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्या. जुन्या झाकणांवर तो बहुधा ७ पौंडांच्या (psi) आसपास असतो. कॉम्प्रेसर थेट जोडाल तर रेडिएटरचे झाळलेले सांधे उघडतील.

खाली कोरडा पुठ्ठा अंथरा आणि टॉर्च मारून बघा. थेंब लायनरच्या बाहेरून, ब्लॉकच्या कडेने उतरतोय: रबरी रिंग (लायनर ओला असेल तर). लायनरच्या आतून, पिस्टनच्या बाजूने: गॅस्केट, हेडची चीर, किंवा लायनरला पडलेलं सुईएवढं भोक. टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांच्या) बाजूने: गॅस्केट किंवा हेडची चीर. पुढून, टायमिंग गिअरकडून: त्याचं कव्हर. लगेच काही दिसलं नाही तर रात्रभर तसंच ठेवा. काही रिंगा तासांनी एक थेंब सोडतात.

‘गॅस्केट टाकलं की झालं’

गॅस्केटच गेलं असेल तरी ते का गेलं? हेडची सपाटी सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासा. ओल्या लायनरचा काठ ब्लॉकच्या किंचित वर हवा. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्या. एक लायनर खाली बसलेला असेल तर नवं गॅस्केट तिथेच पुन्हा फुटेल.

‘डिझेलने चालवून धुवा’

डिझेल बेरिंगवर थर धरत नाही. उतरवलेलं चेंबर आणि जाळी डिझेलने धुवा, चालतं इंजिन नाही. दुरुस्तीनंतर नवा फिल्टर आणि स्वस्त पण योग्य ग्रेडचं ऑइल भरून १०–१५ मिनिटं विनालोड चालवा, गरम असतानाच काढा, फिल्टर पुन्हा बदला आणि मगच कायमचं ऑइल भरा.

‘तोवर पावडर’

पावडर भोक शोधत नाही, अरुंद वाट शोधते. आधीच क्षारांनी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्या पहिल्या बुजतात. आणि ऑइलात गेलेलं पाणी तिथेच राहतं. साधं पाणी निदान थोडं उडून जातं. ग्लायकॉलवालं कूलंट ऑइलात मिसळलं की चिकट गाळ होतो, फिल्टर आणि बेरिंग दोन्ही जातात. अशा ऑइलवर नांगरट केली असेल तर चेंबर उघडंच आहे तेव्हा एक बिग एंड कॅप (कनेक्टिंग रॉडची क्रँककडची टोपी) काढून बघा. बेरिंगचा राखाडी थर जाऊन तांबूस धातू दिसला तर पूर्ण सेट बदला, आणि नवा सेट घ्यायच्या आधी क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्या.