‘90 दिवस जिम लावा, न्यूनगंड आपोआप जाईल’: फिरत्या मेसेजमधल्या दाव्यांचा प्रतिवाद

कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. शरीराची लाज वाटत असेल तर 90 दिवस जिम लावा. वजन उतरलं की न्यूनगंड आपोआप जातो. रोज आरशासमोर उभं राहून ‘मी सुंदर आहे’ म्हणा. दर आठवड्याला आधीचा-नंतरचा फोटो काढा. समुपदेशन म्हणजे तासाला हजार रुपये देऊन मारलेल्या गप्पा. आणि हे सगळं मुलींचं दुखणं, मुलांना असलं काही नसतं. यातली एक गोष्ट खरी आहे, व्यायामाने फरक पडतो. पण किती पडतो आणि कशामुळे पडतो, याबाबत मेसेज पार भरकटला आहे.

मेसेज ज्या लाजेबद्दल बोलतो तिच्या मुळाशी असते बॉडी इमेज, म्हणजे स्वतःच्या शरीराची मनातली प्रतिमा. आधी एवढं स्पष्ट करू की बॉडी इमेज म्हणजे वजन किंवा दिसणं नव्हे. आपलं शरीर आपल्याला केवढं भासतं, त्याबद्दल काय वाटतं, मनात कोणती वाक्यं फिरतात आणि त्यापायी आपण काय काय टाळतो, या चौघांचा तो हिशेब आहे. पोहायला न जाणं, ग्रुप फोटोत मागे लपणं, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालणं हे सगळं त्यात मोडतं. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

दावा: वजन उतरलं की लाज जाते

वजन कमी करण्याच्या कार्यक्रमांत लोकांना स्वतःबद्दल सरासरीने थोडं बरं वाटू लागतं, हे खरं. मात्र किती किलो उतरले यावरून किती बरं वाटेल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही. तीन किलोवर खूश होणारे असतात आणि पंधरा किलो उतरवूनही आरशात तीच जुनी जाडी बघणारे असतात. टॉमस कॅश आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये पूर्वी जाड असलेल्या आणि आता नसलेल्या स्त्रियांची तुलना केली. त्यांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी आणि जाड होण्याची भीती अजूनही जाड असलेल्या स्त्रियांसारखीच निघाली. शरीर बदललं होतं, बघण्याची सवय बदलली नव्हती. त्यात उतरलेलं वजन बहुतेकांचं काही प्रमाणात परत चढतं आणि त्यावर उभारलेलं समाधानही त्याबरोबर ओसरतं.

दुसरं असं की आपल्याकडे लाजेचं कारण पुष्कळदा वजन नसतंच. रंग असतो, उंची असते, मुरुमांचे डाग, हनुवटीवरची लव, विरळ होणारे केस, बाळंतपणानंतरचं पोट असतं. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, पण स्थळांच्या जाहिरातींतली ‘गोरी, सडपातळ’ तशीच आहे. सावळ्या रंगावरून टोमणे ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला ट्रेडमिल काय देणार?

दावा: व्यायाम पुरेसा आहे, तोच खरा उपाय

आकडे बघू. कॅम्पबेल आणि हॉसेनब्लास यांनी 2009 मध्ये व्यायामाच्या 57 कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र केले. या सगळ्यांत व्यायाम न करणारा तुलनेचा गटही होता. परिणामाचा आकार निघाला 0.29. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की व्यायाम केलेल्या 100 जणांपैकी साधारण 61 जण न केलेल्यांच्या सरासरीपेक्षा वर असतात. काहीच परिणाम नसता तर 50 असते. म्हणजे फरक खरा, पण छोटा. ‘आपोआप जाईल’ म्हणण्याइतका तर नाहीच.

यातला रंजक भाग पुढे आहे. दम, ताकद किंवा कंबर प्रत्यक्ष किती बदलली यापेक्षा ‘माझी ताकद वाढली आहे’ असं जाणवणं या सुधारणेशी जास्त जोडलेलं दिसतं. त्यामुळे व्यायाम करताना लक्ष कुठे असतं, याला महत्त्व येतं. रेनी एंगेल्न यांच्या 2018 च्या प्रयोगात 203 स्त्रियांना 16 मिनिटांच्या व्यायामवर्गात घातलं. व्यायाम सगळ्यांना एकच, फरक फक्त प्रशिक्षिकेच्या बोलण्यात. एका वर्गात चरबी जाळा, शरीर आकारात आणा अशा धर्तीचं, दुसऱ्या वर्गात पाय बळकट होतात, पळायला बळ येतं अशा धर्तीचं. दुसऱ्या वर्गातल्या स्त्रिया जास्त प्रसन्न आणि शरीराबद्दल जास्त समाधानी होऊन बाहेर पडल्या. ‘मॅडम, लग्न आहे ना, दंड कमी करायला हवेत’ हे आपल्या जिममधलं रोजचं वाक्य यात कुठे बसतं, ते सांगायला नको.

योगाबद्दलही थोडा पुरावा आहे. 2019 च्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा 60 मिनिटं, असे चारच आठवडे योग केलेल्या स्त्रियांचा शरीराबद्दलचा आदर वाढला आणि वर्ग संपल्यावर चार आठवड्यांनीही टिकला. त्याआधी ऑस्ट्रेलियात पुण्याची अय्यंगार पद्धत आणि बिक्रम पद्धत शिकणाऱ्यांची पाहणी झाली होती. दोन्ही गट योग न करणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा समाधानी निघाले आणि दोन पद्धतींत फारसा फरक आढळला नाही. अर्थात पाहणीवरून कारण ठरत नाही. शरीराशी आधीच बरं जमणारी माणसंच योगवर्गाला जास्त जात असतील, हीही शक्यता उरते.

तेव्हा बॉडी इमेजसाठी व्यायाम करायचा तर मांडणी वेगळी हवी. ध्येय जमण्याचं ठेवा: चार मजले न थांबता चढणं, सहा सूर्यनमस्कारांवरून बारावर जाणं, गुडघे न टेकता दहा जोर. आठवड्याला तीनेक दिवस, 30 ते 45 मिनिटं, दमही लागेल आणि ताकदही लागेल असा मिश्र व्यायाम. वहीत वजन-कंबर नव्हे, तर आज काय जमलं ते लिहा: ‘5 किलोचे डंबेल 10 वेळा, गेल्या सोमवारी 8.’ जिममध्ये भिंतभर आरसे असतील तर पाठ करून उभं राहा. आसनाची ढब एकदा तपासायला आरसा ठीक, तासभर नको.

बिघडतं ते बहुधा एकाच ठिकाणी: व्यायाम ही खाण्याची शिक्षा होते. दोन पुरणपोळ्या झाल्या म्हणून तासभर पळायचं. ताप असताना, घोटा सुजलेला असताना जायचं, एक दिवस चुकला तर जीव कासावीस, पाळी लांबत किंवा बंद होत चालली तरी थांबायचं नाही. अशा वेळी व्यायाम वाढवण्याचा सल्ला थेट अपायाचा आहे. आधी डॉक्टरांना दाखवा.

दावा: समुपदेशन म्हणजे गप्पा

नुसत्या गप्पा असतील तर मेसेजचं म्हणणं चुकीचं नाही. पण ज्या उपचाराचा अभ्यास झाला आहे तो सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी पद्धत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत याच कुळातली. ती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्यामुळे मराठी वाचकाला हे फार परकं नाही.

त्यात नेमकं काय करतात? एक नोंदवही: काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, त्यानंतर काय केलं. ‘आत्या म्हणाली, सुटलीस गं. मनात आलं, सगळे माझ्या पोटाकडेच बघतायत. जेवण अर्धं टाकून खोलीत गेले.’ मग त्या मधल्या वाक्याची उलटतपासणी होते. सगळे म्हणजे कोण? बघत होते हे कशावरून? त्याच प्रसंगात दुसरं कोणी असतं तर तिच्याबद्दल मी हेच म्हटलं असतं का? त्यानंतर टाळलेल्या गोष्टींची शिडी. सर्वांत खाली कमी भीतीची पायरी, उदाहरणार्थ ओढणी न घेता कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं. सर्वांत वर लग्नात बिनबाह्यांचं ब्लाउज. एक पायरी चार-पाच वेळा करून भीती निम्म्यावर आली की वरची. घाईने थेट वरच्या पायरीवर उडी मारली किंवा भीती ऐन टोकाला असताना पळ काढला, तर टाळण्याची सवय उलट घट्ट होते. सोबत तपासण्या कमी करायच्या: दिवसातून सहा वेळा वजन, दंडाला चिमटा, दुकानांच्या काचांत पोट बघणं. आधी आठवडाभर नुसत्या मोजायच्या, मग निम्म्या करायच्या.

परिणाम किती? 2015 मध्ये जेसिका अलेव्हा आणि सहकाऱ्यांनी 62 चाचण्या, 3,846 सहभागी एकत्र करून पाहिले. आकार 0.38 आला. चांगले निकालच जास्त छापले जातात, हे धरून दुरुस्ती केल्यावर तो 0.28 वर उतरला. म्हणजे इथेही परिणाम छोटाच, आणि समुपदेशनाची जाहिरात करणाऱ्यांनीही हे सांगायला हवं. हा आकडा व्यायामाच्या 0.29 शेजारी ठेवून ‘दोन्ही सारखेच’ असं मात्र म्हणता येत नाही, कारण सहभागी वेगळे आणि ती दुरुस्तीही सगळीकडे सारखी झालेली नाही. त्याच अभ्यासात 48 तंत्रं वेगळी काढून तपासली होती. त्यातली 12 सुधारणेशी जोडलेली निघाली, तर तीन वापरली की परिणाम कमी दिसत होता. त्यामुळे उपचार घ्यायला जाताना ‘तुम्ही नेमकं काय करणार, किती सत्रं, घरी काय करायचं’ हे खुशाल विचारा. सल्लागार सोबत असलेले कार्यक्रम नुसत्या पुस्तकावरून स्वतः करण्यापेक्षा सरस ठरतात, हे 2005 मध्ये अशा अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हाही दिसलं होतं. आणि 1994 मध्ये सीबीटी आणि व्यायाम यांची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा काहीच न केलेल्या गटापेक्षा दोन्ही गट सुधारले. एकाला दुसऱ्याच्या विरोधात उभं करण्याचं कारणच नाही.

शाळा-कॉलेजांसाठी सर्वांत भक्कम पुरावा एरिक स्टाइस यांच्या कार्यक्रमाचा आहे. एकेक तासाची तीन-चार सत्रं. त्यात मुलींनीच सडपातळपणाच्या आदर्शाविरुद्ध बोलायचं, लिहायचं, धाकट्या मुलीला पत्र लिहून समजवायचं. आपण जे उघडपणे मांडतो त्याच्याशी आपलं मत हळूहळू जुळतं, हे त्यामागचं गमक. 481 मुलींच्या चाचणीत तीन वर्षांनंतर खाण्याचे विकार सुरू होण्याचं प्रमाण फक्त प्रश्नावली भरलेल्या गटापेक्षा 60 टक्क्यांनी कमी होतं. गंमत म्हणजे आहार-व्यायामात छोटे, कायमचे बदल करायला शिकवणाऱ्या गटातही ते 61 टक्क्यांनी कमी झालं. भारतातही, दिल्ली परिसरातल्या शाळांत पाच तासिकांचा कार्यक्रम तपासला गेला. मुलगे-मुली दोघांतही सुधारणा दिसली आणि तीन महिन्यांनी टिकलेली होती.

दावा: आरशासमोर ‘मी सुंदर आहे’ म्हणा

हा सल्ला ज्यांना द्यायचा त्यांनाच तो बाधतो. 2009 मध्ये जोॲन वुड यांच्या प्रयोगात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. आत्मसन्मान चांगला असलेल्यांना जरासं बरं वाटलं. कमी असलेल्यांना ते वाक्य न म्हटलेल्यांपेक्षा वाईट वाटलं, बहुधा प्रत्येक वेळी आतून ‘खोटं’ असं उत्तर येत असल्यामुळे.

आरशाचा उपयोग आहे, पण वेगळा. चार-पाच फुटांवर, पूर्ण शरीर दिसेल असं उभं राहायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने नुसतं वर्णन करायचं, विशेषणं न लावता. ‘दंड किळसवाणे’ नाही. ‘दंड वरून रुंद, कोपराकडे निमुळते, डाव्यावर लशीचा गोल व्रण.’ नावडत्या भागाला आवडत्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. चूक होते ती नाक आरशाला टेकवून एकाच डागाकडे बघत राहण्याची. तो उपचार नव्हे, ती तपासणी, आणि दहाच मिनिटांच्या तपासणीनेही नाराजी वाढते हे प्रयोगांत दिसलं आहे. पहिली काही सत्रं सल्लागारासोबतच करावीत.

कोरड्या जपापेक्षा दोन गोष्टी बऱ्या. शरीर काय काय करतं यावर 15 मिनिटांचं लेखन, तीन वेळा: चव, वास, चालणं, मिठी, जखम भरणं. किंवा स्वतःशी मायेने वागण्याचं 20 मिनिटांचं ध्यान, तीन आठवडे. दोन्हींच्या चाचण्यांत स्त्रियांची नाराजी कमी झाली.

दावा: दर आठवड्याला फोटो काढा

आठवड्यात शरीर दिसण्याइतकं बदलत नाही. बदलतो तो प्रकाश, पोटातलं पाणी आणि पाळीची तारीख. फोटो शरीराला बाहेरून निरखायला शिकवतो, आणि सोडवायची तर तीच सवय आहे.

दावा: मुलांना असलं काही नसतं

हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये असे शरीरसौष्ठवपटू नोंदवले जे पिळदार असूनही स्वतःला किरकोळ समजत होते. पुढे 1997 मध्ये या अवस्थेला मसल डिस्मॉर्फिया हे नाव मिळालं. असा मुलगा दिवसाला तीन-तीन तास जिममध्ये असतो, जेवणाचा डबा चुकेल म्हणून बहिणीच्या हळदीलाही जात नाही, सैल टीशर्टाखाली दंड झाकतो आणि कुणीतरी पुढे केलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतो. घरचे मात्र ‘पोरगा व्यसनी नाही, जिमला जातो’ म्हणून निश्चिंत असतात. त्याला 90 दिवस आणखी व्यायाम करायला सांगणं म्हणजे आजाराचाच डोस वाढवणं.

असंच बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरचं. इतरांना दिसणारही नाही अशा व्यंगापायी रोज तासन्‌तास जातात. प्रौढांत हे प्रमाण सुमारे 2 टक्के आहे आणि सुरुवात बहुधा किशोरवयातच होते. नाकाची शस्त्रक्रिया किंवा त्वचेच्या उपचारांनी तिथे क्वचितच समाधान होतं. चिंता पुष्कळदा दुसऱ्या भागावर सरकते. परिणाम दिसतो तो खास याच आजारासाठी बेतलेल्या सीबीटीचा आणि एसएसआरआय गटातल्या, म्हणजे नैराश्य-चिंतेवर दिल्या जाणाऱ्या औषधांचा, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ लागतात. दिवसाचा तासाहून जास्त वेळ याच विचारात जात असेल, कॉलेज किंवा कामावर जाणं सुटलं असेल, जेवून उलट्या काढल्या जात असतील, जगणं नको वाटत असेल, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.