आई बेळगावात आहे, म्हणून

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आठवडाभर तशीच ठेवली होती. लगेच लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातल्या एसटी गाड्या बंद झाल्या, तेव्हा मी बेळगावबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की २३ वर्षं पुण्यात राहणाऱ्या माणसाचं हे दुःख उसनं आहे. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकचं हा ७० वर्षांपूर्वीचा वाद तिथल्या लोकांनाही नको आहे, त्यांनी कधीच जुळवून घेतलंय, मुलांना इंग्रजी शाळेत घातलंय. दुरून लिहिलेल्या अशा लेखांनी आग भडकते आणि चटके तिथे राहणाऱ्यांना बसतात. शेवटी तुम्ही विचारलंय, एवढाच जीव जळतो तर आईला पुण्याला का आणत नाही?

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. माझ्या लेखात ‘बेळगाव पुन्हा पेटलं’ असं एक वाक्य होतं. ते चुकीचं होतं. २१ फेब्रुवारीला बेळगावजवळ कर्नाटकच्या बसमधल्या कंडक्टरला मारहाण झाली, मराठीत बोलला नाही म्हणून मारल्याचा आरोप होता. त्यानंतर चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं गेलं. या दोन्ही गोष्टींची मला लाज वाटते, पहिलीची जरा जास्तच, कारण ती माझ्या भाषेच्या नावाने झाली. पण शहर पेटलं नव्हतं. टीव्हीवर तीच दृश्यं रात्रभर फिरत होती आणि मी ती बघत पुण्यात बसलो होतो. आई त्या संध्याकाळी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या बाजारात मेथी घेत होती.

लेख आल्यावर आईने तो शेजारच्या अक्कांना वाचून दाखवला. अक्कांची भाषा कन्नड. आईने वाक्यावाक्याला थांबून तो त्यांना मोडक्या कन्नडमध्ये सांगितला. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘पेटलं म्हणजे कुठं?’ आईला उत्तर देता आलं नाही. मला फोनवर तिने हे सांगितलं तेव्हा मलाही देता आलं नाही. दुरून लिहिणाऱ्याचा शब्द तिथल्या शेजाऱ्यापर्यंत पोचतो, हे तुम्ही म्हणालात ते असं खरं निघालं.

पण ‘उसनं’ हा शब्द मला मान्य नाही.

मी सात वर्षांचा होतो, १९८६ चा जून. कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन सुरू होतं. गोळीबार झाला, आसपासच्या गावांतली माणसं गेली. हिंडलग्याला आज त्यांचं स्मारक आहे. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की बाबा उद्यमबागेतल्या कारखान्यातून आले नव्हते, आईने दिवा मालवला होता आणि दाराची कडी लावून ती कडीवर हात ठेवूनच उभी होती. रात्री उशिरा बाबा आले, ते अक्कांच्या यजमानांबरोबर. ते बाबांना आणायला चालत गेले होते, कारण नाक्यावरच्या पोलिसांशी कन्नडमध्ये बोलणारा माणूस बरोबर असला तर बरं, असं त्यांना वाटलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून गेले.

हेच गृहस्थ गोकाक चळवळीचे समर्थक होते. १९८२ मध्ये डॉ. राजकुमार त्या चळवळीत उतरले आणि ती कर्नाटकभर पसरली. शाळेत कन्नडला पहिलं स्थान हवं, एवढी तिची मागणी. मोठा झाल्यावर मला त्या मागणीत गैर काही दिसलं नाही. महाराष्ट्रात आपण मराठीसाठी हेच मागतो. फक्त ती बेंगळूरहून बेळगावात पोचली तोपर्यंत तिची सक्ती झाली होती, आणि ज्या मुलांच्या घरात कन्नडचा शब्द नव्हता त्यांच्यावर ती येऊन पडली. अक्कांच्या यजमानांना हा फरक समजत होता. बाबांशी ते यावर तासन्‌तास वाद घालत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालत.

आता तुमचा ‘७० वर्षांपूर्वीचा वाद’. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी हे भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. तोच दिवस एका घरी राज्योत्सव आणि शेजारच्या घरी काळा दिन. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये त्याने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकला द्यावीत अशी शिफारस केली. निपाणी, खानापूर इकडे, बेळगाव शहर तिकडेच. महाराष्ट्राने ते नाकारलं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता मतदार झाली, निकाल नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं गेलं, निकाल लागेपर्यंत कुणी दावा करायचा नाही असं ठरलं आणि महिना संपायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव केले. जुना वाद म्हणा, हरकत नाही. पण जो खटला अजून न्यायालयात आहे तो संपला, असं मी कसं म्हणू?

मात्र खटल्याचा निकाल काय लागावा, हे सांगायचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. तो तिथे राहणाऱ्यांचा. तुमच्याशी मी इथे पूर्ण सहमत आहे, आणि मूळ लेखातही मी ते मागितलं नव्हतं. पुण्यातून नकाशावर रेघ ओढणं सोपं असतं, त्या रेघेवर घर माझं नसतं. पण तिथे जे होतं ते मला लागतं की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार?

२२ फेब्रुवारीला, त्या शनिवारी रात्री आई फोन उचलत नव्हती. एरवी मी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलो असतो. तिथे असतो तर दारातून डोकावलो असतो आणि कुठली गल्ली शांत आहे, कुठल्या चौकात पोलीस बसलेत, हे पाच मिनिटांत कळलं असतं. इथे माझ्याकडे एक पडदा आणि एक फोन. घर सोडून आलेल्याला भीती कमी वाटते हा तुमचा समज आहे. खरं तर तिथल्याला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही, म्हणून आमची भीती मोकाट सुटते. ‘पेटलं’ हा शब्द त्या रात्रीतून आला. त्याचं समर्थन नाही करत, तो कुठून आला ते सांगतो.

रविवारी पहाटे निघालो. कोल्हापूरला स्टँडवर कळलं, पुढे बेळगावला गाडी नाही. एरवी निपाणीवरून दोन-अडीच तासांत पोचतो. चौकशी केली तर एक जण म्हणाला, चंदगडची गाडी लागलीय, ती महाराष्ट्रातूनच जाते, तिकडून सीमेवरच्या शिनोळीपर्यंत पोचा, मग बघा. गडहिंग्लजला आईचा फोन आला. तिचा फोन रात्री बंद पडला होता आणि ती अक्कांकडेच झोपली होती. ‘कशाला येतोस एवढं फिरून?’ म्हणाली. तरी गेलो.

चंदगडच्या पुढे माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून बसली होती. सुनेच्या हातात एक्स-रेचं पाकीट. चंदगडकरांना कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब, बेळगाव चाळीसेक. दवाखाना, बाजार, लग्नाची खरेदी, सगळं बेळगावात. त्यांची दवाखान्याची तारीख आदल्या दिवशीची होती, गाड्या बंद म्हणून चुकली. आज शिनोळीत उतरून वडापची जीप मिळाली तर जाणार होते. सून मला म्हणाली, ‘डॉक्टर कानडीच आहेत, पण मामांशी मराठीत बोलतात.’ लेखात मी यांच्याबद्दल लिहायला हवं होतं. ते राहून गेलं आणि ‘पेटलं’ तेवढं लिहिलं गेलं.

शिनोळीला मावसभाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. बाची ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते. शेत तेच, ऊस तोच. शिनोळी आणि बाचीत सोयरिकी आहेत. अर्ध्या तासात आम्ही शहापुरात होतो.

तुम्ही म्हणता लोकांनी जुळवून घेतलंय. घेतलंय ना. आईनेच सगळ्यात जास्त घेतलंय. बाबा गेल्यावर गावाकडच्या दीड एकरावर तिचं नाव लागायचं आहे. ती तीन वर्षं एका सरकारी कचेरीत फेऱ्या मारते आहे. उतारा कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, त्रुटी काढलेलं पत्र कन्नडमध्ये. ७२ वर्षांच्या बाईला आपल्याच शेताच्या कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नाही. सही करायच्या आधी ती कागद अक्कांकडे नेते, अक्का चष्मा लावून वाचतात आणि सांगतात, ‘इथं कर.’ मागच्या वर्षी अक्का मुलीकडे धारवाडला गेल्या होत्या, तेव्हा उत्तराची मुदत टळली आणि फाईल परत पहिल्या टेबलावर गेली. कचेरीत तिने मराठीत विचारलं तर समोरच्याने मराठीतच सांगितलं, ‘कानडीत लिहून आणा.’ त्याला मराठी येत होतं. तिला ते जास्त लागलं.

ही काही दयेची मागणी नाही. १९५६ मध्येच, ज्या वर्षी या रेघा ओढल्या गेल्या त्याच वर्षी, राज्यघटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं घातली गेली, भाषिक अल्पसंख्याकांचं असं होणार हे ओळखूनच. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं आणि या लोकांच्या संरक्षणावर लक्ष ठेवायला विशेष अधिकारी असावा. नंतर ठरलं, की एखाद्या भागात १५ टक्क्यांहून जास्त लोक दुसरी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही छापावेत. सीमा हलो न हलो, एवढं उद्या सकाळी करता येतं. यात कन्नडचं काही कमी होत नाही. सोलापूर-अक्कलकोटकडच्या कन्नड माणसाला महाराष्ट्रात हेच मिळायला हवं, आणि मिळत नसेल तर मी त्याच्या बाजूने लिहीन.

इंग्रजी शाळांचं तुमचं म्हणणं खरं आहे. माझा भाचा तिथे इंग्रजीत शिकतो, माझी मुलं इथे. मराठी शाळेचे वर्ग ओस पडतात त्यात आमचा हात आहे. पण भाच्याने इंग्रजी घेतलं म्हणून त्याच्या आजीने कन्नड कागदावर न वाचता सही करावी, हे मला पटत नाही.

आणि ‘तुम्ही आता पुणेकर’ असं तुम्ही प्रेमाने म्हणालात, तेही नाही जमत. २००२ मध्ये इथे आलो तेव्हा माझं ‘बस की’, ‘आलास की’ ऐकून वर्गात विचारायचे, तू कानडी काय? घरी कर्नाटकातले आम्हाला महाराष्ट्राचे समजायचे. मी ‘बेळगाव’ म्हणतो, अक्का ‘बेळगावी’ म्हणतात, २०१४ मध्ये सरकारने त्यांचा उच्चार कागदावर आणला. आम्ही दोघं बोलतो तेव्हा कुणी कुणाला दुरुस्त करत नाही. तेवढ्या ओट्यावर मी कुठला, हे मला कधी सांगावं लागलं नाही.

आईला पुण्याला आणायचं म्हणाल, तर तीनदा आणली. दर वेळी महिन्याच्या आत परत गेली. ‘तिथं माझं काय वाईट चाललंय?’ म्हणते. जमिनीचा कागद झाल्याशिवाय ती हलणार नाही, आणि झाल्यावर हलेल असंही मला वाटत नाही. पाडव्यानंतर मी चार दिवस जातोय. अक्का कचेरीत बरोबर यायला तयार आहेत.

मूळ लेखातलं ते वाक्य मी काढलेलं नाही. काढलं असतं तर मी ते लिहिलंच नव्हतं असं झालं असतं. त्याच्या खाली दुरुस्ती लिहिली आहे, बेळगाव पेटलं नव्हतं, मी घाबरलो होतो. आज रात्री आईला ती फोनवर वाचून दाखवणार आहे. ती अक्कांना सांगेल.