‘सोबत माणूस न्यावा’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तिसऱ्यांदा येऊन पडला. ‘करदात्यांनो, जागे व्हा’ असे त्याचे शीर्षक आहे. पदपथ, स्थानके, बस आणि कचेऱ्या दिव्यांगांसाठी सुगम करण्यावर होणारा खर्च ही निव्वळ उधळपट्टी कशी आहे, हे त्यात सहा मुद्द्यांत पटवून दिले आहे. पहिल्या दोन वेळा मी काणाडोळा केला. तिसऱ्या वेळी तो आमच्या मामांनी पाठवला आणि खाली ‘विचार करा’ असे लिहून दोन जोडलेले हातही टाकले. त्याच गटावर माझी थोरली बहीण आहे. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि गेली एकवीस वर्षे ती व्हीलचेअर वापरते. मामांच्या हे लक्षात आले नाही की येऊनही त्यांना काही वाटले नाही, हे मला ठाऊक नाही. ताईने काही लिहिले नाही, म्हणून मी लिहितो आहे.

संदेशातला सहावा मुद्दा सर्वांत गोड भाषेत लिहिलेला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो. ‘रॅम्प ही परदेशी कल्पना आहे. आपल्याकडे माणुसकी आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांनी सोबत माणूस न्यावा, चार जण आपणहून हात लावतात,’ असे त्यात म्हटले आहे.

हे चार जण हात कसा लावतात, ते मी पाहिले आहे. ताईला तिच्या खात्याच्या कामासाठी ज्या कचेरीत जावे लागते, तिच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. आपण पोहोचलो की आधी सुरक्षारक्षक येतो, मग शेजारच्या टपरीवरचा मुलगा, मग रांगेतले एखादे सद्गृहस्थ. तिघेही मनाने चांगले असतात. पण खुर्ची कुठे धरायची हे त्यांना माहीत नसते, आणि ‘हाताच्या पट्ट्या धरू नका, त्या निघतात’ असे ताई सांगेपर्यंत एक पट्टी निघून कोणाच्या तरी हातात आलेली असते. दुसऱ्या पायरीवर खुर्ची एका बाजूला कलते आणि कोणीतरी घाईघाईने तिच्या काखेत हात घालतो. चव्वेचाळीस वर्षांची, स्वतःचा हिशेबनिसाचा व्यवसाय चालवणारी बाई एका सहीसाठी तीन अनोळखी पुरुषांच्या हातांवर वर जाते, आणि काम झाल्यावर तशीच खाली येते. त्याला संदेशकर्ते माणुसकी म्हणतात. शिवाय बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल, तर माणसासकट वजन सहज शंभर किलोच्या वर जाते. तिथे चार हातही पुरत नाहीत.

आणि ‘सोबतचा माणूस’ म्हणजे कोण? बहुतेक घरांत ती आई असते किंवा बायको. आमच्याकडे ती बहात्तर वर्षांची आई आहे. स्वतः गुडघ्याला पट्टा बांधून ती ताईबरोबर जाते, कारण मी आणि माझी पत्नी नोकरीवर असतो. याचा हिशेब संदेशात नाही, कारण आईच्या दिवसाचे बिल महापालिकेला जात नाही. या सोबतीचा आणखी एक परिणाम होतो. माणूस बरोबर असला की समोरचा अधिकारी त्या माणसाशीच बोलतो. ताई समोर बसलेली असताना ‘यांची सही चालते ना?’ असे आईला विचारले गेले आहे, आणि ते एकदाच घडलेले नाही. मदत घेण्यात कमीपणा नाही. पण मदतीवाचून दाराच्या आत जाताच येऊ नये, अशी दारे बांधायची आणि वर मदतीचे गुणगान करायचे, ही सोय बांधणाऱ्याची आहे, जाणाऱ्याची नव्हे.

या सगळ्याला कायद्याचे उत्तर आहे, आणि ते संदेशातल्या बहुतेक मुद्द्यांना पुरून उरते. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016’ हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यातले कलम 44 सांगते की सुगमतेचे निकष पाळले नसतील तर नव्या इमारतीला बांधकामाची परवानगीही देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. कलम 45 जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी आहे. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून 2022 मध्ये संपली. ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे केवळ सरकारी इमारत असेही नाही. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही त्यात येते. उल्लंघनाला कलम 89 नुसार पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे.

मग हे झाले का नाही? पळवाट नियमांत होती. नियम 15 मधले निकष बंधनकारक नसून शिफारशीवजा आहेत, असा अर्थ यंत्रणेने सोयीने लावला होता. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने 2005 मध्ये दाखल केलेल्या खटल्यात, 8 नोव्हेंबर 2024 रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. ज्यांत तडजोड चालणार नाही असे किमान निकष वेगळे काढा आणि तीन महिन्यांत ते अनिवार्य करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला. तेव्हा सुगमता ही मेहेरबानी आहे की हक्क, हा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेला आहे. तो मामांच्या गटावर पुन्हा सुरू करायचा असेल, तर निदान तो निकाल वाचून करावा.

आता पहिला मुद्दा : ‘दोन टक्क्यांसाठी अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या खिशाला चाट.’ आकडा खरा आहे, हे मान्य करतो. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. पण त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार विचारले होते आणि आजचा कायदा एकवीस मानतो. त्याच जनगणनेत साठीपुढचे लोक दहा कोटींहून अधिक होते. त्यांपैकी गुडघे धरून एकेक पायरी उतरणारे बहुतेक जण या दोन टक्क्यांत नाहीत. मामाही नाहीत, आणि मेट्रोच्या स्थानकात शिरल्यावर ते सर्वांत आधी लिफ्ट कुठे आहे ते पाहतात. बाळाची गाडी ढकलणारी आई, पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा आणि सिलिंडर घेऊन येणारा कामगार हेही उतारावरूनच जातात. राहिला कराचा प्रश्न, तर ताई दरवर्षी आयकर भरते. जिथे तिला शिरता येत नाही त्या इमारतीही तिच्या पैशाने बांधलेल्या आहेत.

दुसरा मुद्दा पिवळ्या फरश्यांचा. ‘फुटपाथवरची ही पिवळी नक्षी कंत्राटदाराच्या फायद्यासाठी असते आणि ज्येष्ठ नागरिक तिच्यावरून घसरतात,’ असे संदेशकर्त्यांचे मत आहे. ती नक्षी नव्हे. सेईची मियाके नावाच्या जपानी गृहस्थाने ती फरशी शोधली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरातल्या एका रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. लांब पट्ट्या म्हणजे ‘पुढे चला’ आणि गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा वळण आहे’. पांढरी काठी आणि तळपाय यांनी वाचायची ही लिपी आहे. मात्र इथे मला थोडे नमते घ्यावे लागते, कारण आमच्याच भागातली पिवळी ओळ पंधरा पावले सरळ जाते आणि विजेच्या डीपीवर जाऊन आदळते. तिच्यावर विसंबून चालणाऱ्याचे कपाळ फुटेल. काही ठिकाणी तर गुळगुळीत, चकाकणाऱ्या फरश्याच वापरल्या आहेत, आणि त्यांवरून पावसाळ्यात कोणीही घसरेल. पण लिपी चुकीची लिहिली म्हणून कोणी अक्षरेच बंद करा म्हणत नाही. ज्याने ती ओळ डीपीपर्यंत नेऊन बिल लावले, त्याला जाब विचारायला हवा.

‘बसला रॅम्प लावला तर ती प्रत्येक थांब्यावर खोळंबेल’ हा तिसरा मुद्दा अशा कोणीतरी लिहिला असावा, ज्याने सुट्या पैशांवरून चाललेला वाद कधी पाहिला नाही. सखल तळाच्या बसचा तळ जमिनीपासून सुमारे 400 मिलिमीटरवर असतो आणि दारातली फळी उलटून टाकली की उतार तयार होतो. प्रत्येक जुनी बस मोडून काढा, असेही कायदा म्हणत नाही. कलम 41 मध्ये जुन्या वाहनांबाबत ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारे’ अशा अटी स्पष्ट आहेत, किंबहुना माझ्या मते त्या जरा जास्तच सैल आहेत. ‘एसटीत तिकिटाला सवलत देतात, अजून काय पाहिजे,’ असेही याच मुद्द्यात विचारले आहे. एसटीत दिव्यांगांना पाऊण भाडे माफ आहे, हे खरे. पण सवलत तिकिटाला आहे, पायरीला नाही. शब्दही ‘अपंग’चा ‘दिव्यांग’ झाला, पायरी मात्र होती तेवढीच राहिली.

चौथा मुद्दा खोट्या प्रमाणपत्रांचा. खोटी प्रमाणपत्रे निघतात, हे कोणी नाकारत नाही. 2024 मध्ये त्यावरून महाराष्ट्रात किती गदारोळ झाला ते आठवत असेलच, आणि त्याचा सर्वाधिक संताप खऱ्या प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात खेटे घालणाऱ्यांना आला होता. पण त्याचा रॅम्पशी संबंध काय? आरक्षणासाठी आणि सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते. उतारावरून चढताना कोणी कागद मागत नाही. खोटा दाखला काढून रॅम्प लुबाडला, असे एक तरी उदाहरण संदेशकर्त्यांनी दाखवावे.

‘किल्ले आणि जुनी स्मारके बिघडतील’ या पाचव्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. 2001 मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनारच्या परिसरात लाकडी तात्पुरते उतार बसवले गेले आणि मिनार जागच्या जागी राहिला. रायगडावर तर रोपवे आहे. त्यातून वर जाणाऱ्या धडधाकट पर्यटकांमुळे गडाचे पावित्र्य बिघडते, असा संदेश मला अजून कोणी पाठवलेला नाही.

ज्या कचेरीच्या तीन पायऱ्यांबद्दल वर लिहिले, तिने मागच्या वर्षी एक रॅम्प बांधला. ताई हिशेबाची बाई असल्याने टेप घेऊन गेली. पायऱ्यांची एकूण उंची 45 सेंटिमीटर आहे. निकषाप्रमाणे एकास बारा उतार धरला, तर रॅम्पची लांबी 5 मीटर 40 सेंटिमीटर हवी. बांधलेला रॅम्प 1 मीटर 60 सेंटिमीटरचा आहे, म्हणजे उतार जवळजवळ एकास साडेतीन. त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही, आणि उतरताना ती आपणहून रस्त्यावर जाते. ताईने मोजमापांसह लेखी अर्ज दिला. पुरेशी जागा उपलब्ध नाही, असे उत्तर आले. रॅम्प जिथे संपतो, त्याच्या पुढे चार मीटरच्या पट्ट्यात कर्मचाऱ्यांच्या दुचाकी उभ्या असतात, आणि त्यांच्यासाठी पांढऱ्या रंगाने रेघाही आखलेल्या आहेत. ताईने दुसऱ्या अर्जाला त्या रेघांचे छायाचित्र आणि कलम 45 ची प्रत जोडली आहे. सोमवारी तो अर्ज द्यायला ती जाणार आहे. मामांना वेळ असेल तर त्यांनी सोबत यावे, खुर्चीची मागची बाजू धरायला एक माणूस कमी पडतो आहे.