सुवासिक तांदूळ ही उधळपट्टी नव्हे

सुवासिक तांदळासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे निव्वळ नावाला भुलणे होय, हे तांदळावरील एका लेखातील विधान मला पटले नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगाव शिवारातील बासमती आमच्या घरी रोज शिजत नाही, सणावारालाच शिजतो. मात्र त्या दिवशी झाकण काढताच त्याचा घमघमाट थेट सोप्यापर्यंत पोहोचतो आणि सोबत साधे वरण-तूप असले तरी पुरते. हा सुवास साठवणीत हळूहळू उडून जातो, म्हणून वर्षाचे पोते भरून ठेवण्यापेक्षा थोडाथोडा घेतलेला बरा.

लेखकांनी सावध करायचेच होते, तर भेसळीबाबत करायला हवे होते. गेल्या वर्षी एका दुकानातून आणलेल्या पाच किलोंपैकी निम्मा तांदूळ साधाच निघाला. तेव्हापासून, चार पैसे जास्त गेले तरी, मी ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घेतो.