पंधरा दिवसांत ब्लॅकहेड्स परत आले, या तक्रारीवर पार्लरकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. ६०० रुपयांचं क्लीनअप केलं, पोअर्स बंद होतील असं सांगितलं, पंधरा दिवसांत नाक होतं तसंच झालं आणि डाव्या नाकपुडीजवळ लाल डाग राहिला, असं तुम्ही लिहिलंय.

‘पोअर्स बंद होतील’ हे आमच्या रेटबोर्डावरच होतं, आणि ते चूक होतं. पोअर्स म्हणजे कातडीवरची बारीक रंध्रं, त्यांना उघडझाप करणारे स्नायू नसतात. वाफेनं आतलं तेल मऊ पडतं, बर्फानं कातडी थोडा वेळ आवळल्यासारखी वाटते, बस. रंध्रं किती मोठी दिसतात ते अंगच्या ठेवणीवर, तेलकटपणावर आणि वयावर असतं; आपल्याकडच्या उन्हानंही कातडी सैल पडते. ती ओळ मी आज सकाळी स्वतः पुसली.

डागाचा दोषही आमचाच. लग्नसराईची गर्दी होती, हे कारण मी पुढे करणार नाही. आमच्या पोरीनं एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे ब्लॅकहेड्स काढायच्या हत्याराची, तार एकाच जागी चार-पाचदा दाबली. हलक्या हातानं दोनदा निघालं नाही तर सोडून द्यायचं, हे मीच तिला नीट शिकवायला हवं होतं. डागाला हात लावू नका, उन्हापासून जपा.

नाक परत काळं का झालं, तेही सांगते. तो काळेपणा मळाचा नसतो. रंध्रात अडकलेलं तेल आणि मेलेल्या पेशी तोंडाशी हवा लागून काळ्या पडतात, त्यात कातडीचा रंगही असतो. म्हणून घासून जात नाही, आणि एकदा काढलं तरी पुन्हा भरतं. त्यात तुमच्या नाकावर भिंगातून मला बारीक, करडे, एकसारखे ठिपके जास्त दिसले होते. ते ब्लॅकहेड्स नसतात, तेल वर आणणारे तंतू असतात, सगळ्यांनाच असतात. काढले तरी महिन्याभरात परत दिसतात. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

फरक पडतो तो घरी लावायच्या औषधानं. २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात उतरतं. आधी आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावा आणि दोन-तीन महिने धीर धरा. नाही जमलं तर त्वचेच्या डॉक्टरांना ॲडापॅलीनबद्दल (रंध्रं बुजू न देणारं, लावायचं औषध) विचारा. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगा. सकाळी सनस्क्रीन. लिंबू-सोडा तुम्ही लावता म्हणाल्या होत्या, तो आजच बंद करा. वावरात वेचणीला जाताना तोंडाला खोबरेल तेल चोपडू नका, त्यानं रंध्रं आणखी बुजतात. तोंडाला बांधायचा दुपट्टा रोज धुतलेला घ्या.

आणि ताई, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय ‘गोरं करणारी’ ट्यूब देत असेल तर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होऊन लाल पडलेले, पुटकुळ्यांनी भरलेले चेहरे माझ्या खुर्चीवर येतात तेव्हा जीव तुटतो. त्यांना मी हात लावत नाही, डॉक्टरकडे पाठवते.

तुमचे ६०० रुपये पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत. बाजाराचा दिवस सोडून कधीही या, डागही मला दाखवा. तुमच्या नाकावर आता दोन महिने काही करणार नाही.