आबांचा अर्ज

दुपारी एका वकील मित्राचं स्टेटस पाहिलं: 'वकील न लावता स्वतःच उभी राहणारी पार्टी म्हणजे डोक्याला ताप.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मला नाही हसू आलं. माझे आबा असाच ताप होते. बांधाचा वाद, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून स्वतःच चार पानी अर्ज लिहिला. पुकारा झाला, आबा उभे राहिले. साहेब मान वर न करता म्हणाले, "वकील लावा." पुढची तारीख. अर्ज घडीतच राहिला.

अशा वेळी मला अमेरिकेतल्या शिकागोचा रिचर्ड पॉझ्नर आठवतो. सातव्या सर्किटच्या, म्हणजे तिथल्या काही राज्यांच्या विभागाच्या, केंद्रीय अपील कोर्टाचा जज, ज्याच्या वर फक्त सुप्रीम कोर्ट. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी नेमला, १९९३ ते २००० मुख्य न्यायाधीश. नेमणूक तहहयात! आणि हा गडी २०१७ च्या सप्टेंबरात, ७८ व्या वर्षी, आदल्या दिवशी सांगून खुर्चीवरून उठला. का? तर वकील नसलेल्यांना आपलं कोर्ट नीट वागवत नाही म्हणून. त्यांची अपिलं आधी कोर्टाच्या पगारी वकिलांकडे जातात, ते टिपण करतात, जज ते टिपण वाचतात. हा म्हणाला, टिपणं आधी मला दाखवा. सहकाऱ्यांनी नाही म्हटलं.

म्हणजे तिथेही आबांचा अर्ज घडीतच!

हो, पस्तीस वर्षं तोही तिथेच बसला होता, जाग उशिराच आली. मान्य. मतदानाला फोटो ओळखपत्र सक्तीचं करणारा इंडियाना राज्याचा कायदा, ज्यात गरिबांचं मत हुकेल अशी टीका होती, तोही त्यानेच २००७ मध्ये उचलून धरला होता. पण २०१३ मध्ये चुकलो म्हणालाही. आपल्याकडे चुकलो म्हणणारा एक साहेब दाखवा. सोडा, साधी मान वर करणारा दाखवा!

जरा जास्तच चिडलो. हाच मित्र गावाकडच्या दोन-चार केसेस फुकट चालवतो, हे मला ठाऊक आहे. मित्रा, राग मानू नकोस. पण ते स्टेटस काढ.

त्या दिवशी परतताना एसटीत आबांनी तो अर्ज माझ्या हातात दिला. मी सातवीत होतो. म्हणाले, "शुद्धलेखन तेवढं बघ रे. पुढच्या तारखेला वाचतील."